अजिंठ्याचे सातकुंड आणि लोणारचे सरोवर : जलस्थानांच्या दर्शनाचा इतिहास व त्याची शब्दसाक्ष

(१)

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबाद हे गाव मराठवाड्याच्या पठारावर अशा ठिकाणी वसलेले आहे की, त्याच्या उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग व तिच्यातील रान येते आणि पूर्वेस, सिंदखेड-मेहकरच्या बाजूला, लोणारचे सरोवर येते. पावसाळ्यात रानातले धबधबे पाहावेत व जोडून लोणारचे सरोवर पाहावे, असा प्रघात या भागात आता पडला आहे. हा प्रघात आधुनिक आहे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. इंग्रज अंमलदार शिकारीच्या व मोजणीच्या निमित्ताने आले, त्यांनी ही स्थळे 'शोधली' आणि त्यांच्यामागून एतद्देशीयांनी ती पाहण्यास आरंभ केला, असे या समजुतीचे थोडक्यात स्वरूप आहे. प्रस्तुत निबंधात या समजुतीची परीक्षा करावयाची असून, त्यासाठी शिलालेख व ग्रंथ यांच्याबरोबरच या जलस्थानांशी निगडित अशा मराठी शब्दांची साक्ष काढावयाची आहे.

शब्दांची साक्ष घेताना एक सावधगिरी प्रथमच सांगितली पाहिजे. स्थलनामाची व्युत्पत्ती ही स्वतंत्रपणे कोणताही ऐतिहासिक सिद्धान्त सिद्ध करू शकत नाही. या परिसरातील दोन नावे त्या दृष्टीने उद्बोधक आहेत. 'हसनाबाद' या नावातील 'आबाद' या उत्तरपदाचा संबंध फारसीतील 'आब' म्हणजे पाणी या शब्दाशी जोडण्याचा मोह सहज होतो. पाणी आहे तेथे वस्ती, हा अर्थही सयुक्तिक वाटतो. परंतु भाषाशास्त्राच्या दृष्टीने 'आबाद' हा शब्द रक्षणार्थक 'पा' धातूला 'आ' हा उपसर्ग लागून झालेल्या जुन्या इराणी रूपापासून आलेला आहे. त्याचा मूळ अर्थ 'राखलेले' असा असून पाण्याशी त्याचे नाते केवळ ध्वनिसाम्याचे आहे. दुसरे नाव तालुक्याच्याच गावाचे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भारहूत व सांची येथील दानलेखांत या नगराच्या रहिवाशांचा उल्लेख येतो, आणि नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी इ. स. १९७३ मध्ये केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन समृद्ध वसाहतीचे अवशेष व सुप्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीप्रतिमा मिळाली. प्राचीन लेखांतील प्राकृत रूपात 'वर्धन' या पदातील रेफ लोपलेला आहे; आजच्या नावात मात्र 'र' कायम आहे. यावरून प्राकृत रूपाबरोबरच संस्कृत रूपही लोकव्यवहारात टिकून राहिले असले पाहिजे. 'ग' चा 'क' होण्यास भोकर या झाडाच्या नावाचे साम्य कारण झाले असावे. लोक जुन्या नावात परिचयाचा अर्थ पाहतात व नाव त्या अर्थाकडे वळते. अशी लोकव्युत्पत्ती मूळ अर्थाचा पुरावा नसली, तरी त्या त्या काळी लोकांच्या मनात काय होते याचा पुरावा अवश्य असते.

म्हणून नामांच्या जोडीला क्रियापदेही पाहणे अधिक सुरक्षित होय. एखाद्या स्थळी जाऊन माणूस काय करीत असे, हे त्या स्थळाच्या नावाबरोबर येणाऱ्या क्रियापदावरून कळते. लेण्यात राहणे, कुंडात नाहणे, तळ्यातून खार काढणे आणि देखावा पाहणे असे चार व्यवहार या प्रदेशातील पाण्याभोवती क्रमाने, आणि पुष्कळदा एकाच वेळी, चालत आलेले दिसतात. स्थळे तीच राहिली. तेथे जाण्याचे प्रयोजन पालटले.

(२)

प्रथम भूमीचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. अजिंठ्याची रांग हा तापी व गोदावरी या दोन खोऱ्यांचा जलविभाजक होय. हसनाबाद-भोकरदनकडील दक्षिण उतार सौम्य आहे. त्यावरील पाणी केळना, गिरजा इत्यादी प्रवाहांतून पूर्णेला व पूर्णेतून गोदावरीला मिळते आणि अखेर पूर्वसमुद्रास जाते. उत्तरेची बाजू मात्र तुटलेल्या कड्यांची आहे. तेथील वाघूर नदी खाली खानदेशात उतरून तापीला मिळते व तिचे पाणी पश्चिमसमुद्रास जाते. त्यामुळे दक्षिणेकडून येणाऱ्या प्रवाशाला डोंगर चढल्याचे फारसे जाणवत नाही आणि एकाएकी तो दरीच्या काठाशी येऊन ठेपतो. या रांगेतील मोठे धबधबे उत्तरेच्या बाजूस का आहेत, याचे उत्तर या रचनेत आहे.

लोणारचे पाणी या दोन्हींहून निराळे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या जवळजवळ वर्तुळाकार विवराच्या तळाशी साठलेले ते पाणी कोणत्याही समुद्रास जात नाही. त्याला बाहेर पडण्यास वाट नाही. काठाच्या कड्यांतून गोडे झरे आत येतात, सूर्याच्या तापाने पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. शेकडो पिढ्या चाललेल्या या क्रियेने सरोवर खारे व अत्यंत अल्कधर्मी झाले आहे.

दोन्ही स्थळांचा पाषाण मात्र एकच, दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. त्यांतील काही कठीण व काही ठिसूळ असल्यामुळे नदीने ते कमीअधिक प्रमाणात झिजविले आणि कड्याला पायऱ्यांचे रूप आले. अजिंठ्यास वाघूर एका उडीत खाली येत नाही, टप्प्याटप्प्याने येते, आणि प्रत्येक टप्प्याच्या पायथ्याशी पाण्याच्या आघाताने डोह पडतो. ही रचना लक्षात ठेवली म्हणजे पुढे येणाऱ्या नावांचा अर्थ उलगडतो.

(३)

या पाण्याजवळ येऊन राहिलेल्या ज्या लोकांची लेखी साक्ष उपलब्ध आहे त्यांत सर्वांत जुने बौद्ध भिक्षू होत. विनयाच्या नियमाप्रमाणे भिक्षूने पावसाळ्याचे तीन महिने भ्रमण थांबवून एका ठिकाणी वर्षावास करावयाचा असतो. वाघूरच्या नालाकृती वळणावर कोरलेली ३० लेणी दोन कालखंडांत विभागली जातात : पहिला इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांचा सातवाहनकाल आणि दुसरा इसवी सनाच्या पाचव्या शतकाचा वाकाटककाल. दख्खन व खानदेश यांना जोडणाऱ्या घाटमार्गाची जवळीक, कोरण्यास योग्य कडा आणि भरपूर पाणी ही तिन्ही येथे एकत्र आली होती. येथे एक गोष्ट विशेषेकरून ध्यानात घ्यावी. आजचा प्रवासी धबधबा पाहण्यासाठी ज्या ऋतूत मुद्दाम तेथे जातो, नेमक्या त्याच ऋतूत भिक्षू तेथे स्थिर होत असे. त्याच्या दृष्टीने दरीतला प्रपात हा निवासाच्या परिसराचाच एक भाग होता.

पश्चिम भारतातील लेण्यांच्या प्राकृत दानलेखांत 'लेण' व 'पोढी' हे दोन शब्द वारंवार आढळतात. 'लेण' म्हणजे कोरलेले निवासस्थान व 'पोढी' म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. दाता पुष्कळदा दोन्हींचे एकत्र दान करी, कारण पाण्यावाचून निवास अपुरा. मराठीने 'लेण' हा शब्द 'लेणे' या रूपाने राखला. 'पोढी' मात्र सामान्य व्यवहारातून गेला व अभ्यासकांच्या परिभाषेपुरता उरला. ही घटना अर्थपूर्ण आहे. लेण्यांत वस्ती होती तोवर निवास व पाणी या दोहोंना नावे होती. वस्ती उठली तेव्हा पाहण्यासारखे जे शिल्लक राहिले त्याचे नाव टिकले आणि उपयोगाचे जे होते त्याचे नाव लोपले.

अजिंठ्याच्या १६ व्या लेण्याच्या बाहेरील भिंतीवर वाकाटक नृपती हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा संस्कृत पद्यलेख आहे. वा. वि. मिराशी यांनी तो वाकाटकांच्या कोरीव लेखांच्या संग्रहात (इ. स. १९६३) संपादिला. त्या लेखात हा डोंगर जलभाराने वाकलेल्या मेघांनी माथा झाकलेला व नागराजांनी वसविलेला असा वर्णिला असून, विहाराच्या वर्णनात गवाक्षे, चित्रवीथी व शिल्पे यांच्याबरोबर पाण्याचा मोठा साठा आणि नागराजाचे स्थान यांचाही गौरवाने उल्लेख केला आहे. ते नागराजाचे शिल्प लेण्याच्या पायऱ्यांपाशी आजही दिसते. नाग ही जलाची अधिष्ठात्री देवता. दरीच्या तोंडाशी तिची स्थापना करण्यात पाण्याविषयीचा आदर व भय दोन्ही व्यक्त झाले आहेत. शिवाय या लेखाचा कर्ता मेघ, डोंगर व जल यांच्या शोभेकडे डोळसपणे पाहतो. पाचव्या शतकातील या रचनेत उपयोग व सौंदर्य परस्परांपासून वेगळे झालेले नाहीत. सृष्टीची शोभा पाहण्याची दृष्टी या भूमीत इंग्रजांनी आणली, हे मत या एका लेखानेच ढासळते.

(४)

दुसरा व्यवहार स्नानाचा. अजिंठ्याच्या दरीच्या शेवटी असलेल्या प्रपाताला 'सातकुंड' असे नाव आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वर्णनांत त्याच स्थळी सात झेपांचा धबधबा असल्याचे सांगून त्याचे हे स्थानिक नाव दिलेले असते. दोन्ही वर्णने एकाच वस्तूची आहेत. परंतु परकीय निरीक्षक पडणारे पाणी मोजतो आणि स्थानिक माणूस थांबलेले पाणी मोजतो. एकाचे लक्ष झेपेवर, दुसऱ्याचे कुंडावर. ज्या प्रदेशात पावसाळ्यानंतर प्रवाह आटतो व डोहातच पाणी उरते, तेथील माणसाने डोहाला नाव द्यावे हे स्वाभाविक आहे. शिवाय 'कुंड' हा शब्द तीर्थाच्या व यज्ञाच्या परिभाषेतील असल्याने त्याने त्या डोहांना पावित्र्यही दिले. सात ही संख्याही त्याच पावित्र्याची निदर्शक होय.

'कुंड' याच्या बरोबरीचा शब्द 'नहाणी'. वेरूळ येथे २९ व्या लेण्याजवळ पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारा प्रवाह ज्या डोहात पडतो त्याला सीतेची नहाणी म्हणतात. लोणार येथे विवराच्या काठावरील एका कुंडालाही सीतान्हाणी हेच नाव आहे. 'स्नान' या संस्कृत शब्दातील 'स्न' या जोडाक्षराचे प्राकृतात 'ण्ह' झाले व त्यातून मराठीत 'न्हाण', 'नाहणे', 'नहाणी' ही कुळी तयार झाली. दोन दूरच्या स्थळी एकच नाव आढळावे, याचे कारण रामकथेत शोधण्यापूर्वी भूमीत शोधावे. दोन्ही ठिकाणी बेसाल्टच्या कड्यावरून गोड्या पाण्याची धार अंगावर घेता येईल अशा उंचीवरून पडते, आणि त्या धारेखाली स्नान करण्याचा लोकाचार होता. त्या आचाराला सीतेच्या वनवासाची कथा मागाहून येऊन चिकटली असावी.

लोणारच्या मुख्य झऱ्याला केवळ 'धार' म्हणतात, हेही लक्षणीय आहे. मराठीत 'धार' हा शब्द शस्त्राच्या कडेला, दुधाच्या स्रोताला, डोंगराच्या सोंडेला व देवावरील अभिषेकाला समानपणे लागतो. या सर्व अर्थांत अखंडता ही समान कल्पना आहे. लोणारची धार बारमाही असल्याने तिला दुसऱ्या विशेषणाची गरज पडली नाही. याउलट 'धबधबा' हा शब्द ध्वन्यनुकारी आहे. पडणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून तो झाला आहे, आणि तो आवाज पुरापुरताच असतो. धारेखाली माणूस बसतो. धबधबा तो दुरून ऐकतो. दोन शब्दांतील हा भेद दोन प्रकारच्या पाण्यांचा भेद आहे, व तो मराठीने नेमका टिपला आहे.

लोणारच्या तीर्थमाहात्म्याचा लेखी आधार तेराव्या शतकापासून मिळतो. महानुभाव पंथाच्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामींच्या लोणार येथील वास्तव्याच्या लीळा आहेत. स्वामींच्या वास्तव्याची ठिकाणे नोंदविणारी 'स्थानपोथी' ही तर महाराष्ट्राच्या स्थलवर्णनाचा अपूर्व ग्रंथ होय. देऊळ कोणत्या दिशेस, त्याचे दार कोणत्या मुखाचे, बिढार कोठे अशा नोंदी त्यात रोखठोक गद्यात केलेल्या आढळतात. या वाङ्मयात स्थळाकडे पाहण्याची एक तिसरीच रीत दिसते. तेथे स्थळाचे महत्त्व त्याच्या शोभेत किंवा उपयोगात नसून, तेथे कोण बसले होते या स्मरणात आहे. हे स्मरण नेमके राहावे म्हणून ग्रंथकार दिशा व अंतरे नोंदवितो. श्रद्धेपोटी भूगोलाची इतकी काटेकोर निगा राखली गेल्याची उदाहरणे मध्ययुगीन मराठीत दुसरी क्वचितच सापडतील.

गावातील दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर, सरोवराकाठची कमळजादेवी आणि धारेजवळील गोमुख यांनी हे तीर्थक्षेत्र पूर्ण होते. भूमीखाली लपलेल्या लवणासुराचा विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपाने वध केला व त्यातून हे विवर झाले, अशी येथील कथा आहे. या कथेतील दैत्याचे नाव स्थळाच्या क्षारधर्मावरून घेतलेले उघड दिसते. पाणी खारे का, खड्डा एवढा वर्तुळाकार का, आणि वर गोडे पाणी व खाली खारे असे का, या तीन खऱ्या प्रश्नांचे त्या काळच्या भाषेत दिलेले हे उत्तर आहे. लोकव्युत्पत्तीविषयी आरंभी जे सांगितले ते येथे पूर्णपणे लागू पडते.

(५)

तिसरा व्यवहार क्षार काढण्याचा, आणि 'लोणार' हे नावच त्याचे स्मारक आहे. संस्कृत 'लवण' यातील 'अव' चा 'ओ' होऊन मराठीत 'लोण' झाले. पुढे या शब्दाची जागा 'मीठ' या शब्दाने घेतली. 'मीठ' हा संस्कृत 'मिष्ट' म्हणजे रुचकर, गोड यापासून आलेला. ज्या शब्दाने हिंदीत गोडी दाखविली जाते त्यानेच मराठीत खारटपणाचा पदार्थ दाखविला जातो, हे अर्थपरिवर्तनाचे प्रसिद्ध उदाहरण होय. 'लोण' मात्र सामासिक शब्दांच्या आश्रयाने राहिले. 'लोणचे', 'निंबलोण' व 'अलवण' पासून झालेले 'अळणी' यांत ते आढळते, तसेच ते 'लोणार' या स्थलनामातही जिवंत आहे.

'लोणार' याच्या उत्तरपदाविषयी दोन पक्ष संभवतात. 'लवणाकर' म्हणजे मिठाची खाण, यापासून ते आले असावे. किंवा 'सुवर्णकार' पासून 'सोनार' व 'कुंभकार' पासून 'कुंभार' झाले त्याप्रमाणे 'लवणकार' पासून झाले असावे. ध्वनिनियमांनी दोन्ही पक्ष सारखेच सिद्ध होतात. स्थळाचे नाव म्हणून पहिला पक्ष अधिक सरळ आहे. तथापि लोणारी या व्यावसायिक जातीचे नाव पाहता दुसऱ्या पक्षाचाही विचार करावा लागतो. कोणताही पक्ष स्वीकारला, तरी हे नाव पडले तेव्हा हे तळे क्षाराचे उगमस्थान म्हणून ओळखले जात होते, याविषयी शंका राहत नाही. तीर्थाचे नाव स्थळाला लाभले नाही, मिठाचे लाभले.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारची जी नोंद केली आहे तीत तीर्थ व उत्पन्न ही दोन्ही अंगे शेजारी शेजारी येतात. ब्राह्मण या स्थळाला विष्णुगया म्हणतात, हे तो सांगतो. काच व साबण यांस लागणारे क्षार येथे मिळतात व त्यापासून चांगले उत्पन्न येते, हेही सांगतो. वरच्या झऱ्याच्या मुखाशी बैलाची आकृती कोरलेली असून सोमवारी अमावास्या आली असताना त्या झऱ्याचे पाणी मोठ्या जलाशयास मिळते, अशी लोकश्रुतीही तो नोंदवितो. दरबारी इतिहासकाराच्या दृष्टीने तीर्थाची कथा व महसुलाची बाब यांत विरोध नव्हता.

इ. स. १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला व त्याबरोबर लोणारही गेले. हसनाबाद, भोकरदन व अजिंठा निजामाच्याच राज्यात राहिले. त्यानंतरच्या सरकारी वृत्तांतांत सरोवराच्या क्षारांचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांची नावे भाषाभ्यासकाने अवश्य पाहण्याजोगी आहेत. डल्ला, पापडी, भुसकी, मदखार ही ती नावे होत. रसायनशास्त्राला या सर्वांत मुख्यतः सोडियमचे कार्बोनेट व बायकार्बोनेट यांची कमीअधिक मिश्रणे दिसतात. क्षार काढणाऱ्याला मात्र हे वेगळे पदार्थ दिसत होते, आणि त्यांपैकी 'पापडी' व 'भुसकी' ही नावे तर पदार्थाचे बाह्यरूप सरळच सांगतात. हा धंदा बंद पडला तेव्हा या शब्दांनाही बोलणारे उरले नाहीत.

(६)

चौथा व्यवहार पाहण्याचा. त्याचा आरंभ इंग्रजांपासून मानता येत नाही, याचा एक पुरावा वराहदेवाच्या लेखात आलाच आहे. दुसरा पुरावा मुघलकाळातील आहे. औरंगजेबाच्या कारकीर्दीचा इतिहास सांगणारा 'मआसिर-इ-आलमगिरी' हा फारसी ग्रंथ साकी मुस्तइदखानाने इ. स. १७१० मध्ये पूर्ण केला. त्यात वेरूळच्या वर्णनात तो सांगतो की, पावसाळ्यात डोंगर व खालचे मैदान हिरवाईने बागेसारखे होते, कड्यावरून रुंद प्रपात कोसळतो, आणि लोक तो पाहण्यासाठी येतात. ते स्थळ फिरण्यास रमणीय आहे, असाही त्याचा अभिप्राय आहे. येथे तीर्थ नाही, निवास नाही, उत्पन्नही नाही. केवळ दर्शनाचा आनंद आहे. मराठीत 'सैर' व 'सहल' हे शब्द याच दरबारी-फारसी संस्कृतीतून आले, आणि पुण्यप्राप्तीच्या 'यात्रे'हून वेगळा असा प्रवासाचा हेतू व्यक्त करण्यास त्यांनी भाषेला साधन दिले. फर्दापूरची मुघलकालीन सराई अजिंठ्याच्या घाटाखाली उभी आहे. या वाटेवरील वर्दळीची ती साक्ष होय.

मग एकोणिसाव्या शतकात नवे काय घडले? २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनच्या परिसरात, केळना व जुई या नद्यांच्या बेचक्यात, असईची लढाई झाली. आर्थर वेलस्लीच्या फौजेतील जखमींना नंतर अजिंठा गावी ठेवण्यात आले. रानातील लेणी तेथून जवळ असूनही त्या प्रसंगी त्यांचा गाजावाजा झाला नाही. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीसाठी दरीत उतरला, त्याने १० व्या लेण्यातील खांबावर आपले नाव व दिनांक कोरला, आणि त्या दिवसापासून लेण्यांचा 'शोध' लागला असे सांगितले जाते. लोणारच्या बाबतीत हेच स्थान इ. स. १८२३ मध्ये तेथे गेलेल्या अलेक्झांडर या अधिकाऱ्याला दिले जाते.

या 'शोधा'ची परीक्षा एका गावाच्या नावाने होते. अजिंठ्याच्या दरीवर, लेण्यांच्या समोरच्या बाजूस, लेणापूर नावाचे गाव आहे. लेण्यांवरून गावाला नाव पडले असेल, तर लेणी कोणाला तरी सतत माहीत होती. गुराखी, लाकूडतोडे व वाटाडे यांच्या ज्ञानात ती कधी हरवली नव्हती. हरवली होती ती त्यांची लेखी नोंद. लोणारच्या बाबतीत तर तेवढीही सबब नाही, कारण तेथे मंदिर, मेळा, महसूल व फारसी नोंद अखंड होती. सबब 'शोध' हा शब्द या दोन्ही स्थळांना लावताना, कोणाच्या ज्ञानात भर पडली, हे प्रत्येक वेळी स्पष्ट केले पाहिजे.

खरे नावीन्य दोन गोष्टींत होते. पहिली म्हणजे नकलून घेण्याची पद्धती. इ. स. १८४४ पासून रॉबर्ट गिलने अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक इ. स. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. पुढे इ. स. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स याने मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह ते काम पुन्हा हाती घेतले. पाहिलेले दुसऱ्याला दाखविता येऊ लागले व जाण्यापूर्वीच स्थळाची प्रतिमा मनात तयार होऊ लागली. दुसरी गोष्ट दळणवळणाची. खानदेशातून गेलेला लोहमार्ग आणि इ. स. १९०० च्या सुमारास औरंगाबाद-जालन्यावरून सुरू झालेला गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग यांनी प्रवास सुकर केला. निजाम सरकारने इ. स. १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापून गुलाम यझदानी यांच्याकडे सोपविले व लेण्यांची निगा सुरू झाली. राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा व विदर्भ एका राज्यात आले. इ. स. १८५३ पासून वेगवेगळ्या कारभारांखाली असलेली अजिंठा व लोणार ही स्थळे इ. स. १९५६ नंतर पुन्हा एका छत्राखाली आली. इ. स. १९८३ मध्ये अजिंठ्याचा जागतिक वारसायादीत समावेश झाला.

या काळात भाषेतही पालट झाला. 'देखावा', 'सृष्टिसौंदर्य', 'प्रेक्षणीय स्थळ' व अखेर 'पर्यटन' ही परिभाषा रूढ झाली. 'पर्यटन' हा शब्द मुळात परिव्राजकाच्या भ्रमणाचा. जो भिक्षू पावसाळ्यात पर्यटन थांबवून लेण्यात राही, त्याच्याच शब्दाने आता पावसाळ्यात लेणी पाहण्यास जाणे सूचित होते. तशीच गोष्ट 'जंगल' या शब्दाची. संस्कृतात 'जांगल' म्हणजे कमी पाण्याचा, विरळ झाडीचा प्रदेश. आज त्याला घनदाट अरण्याचा अर्थ आला असला, तरी अजिंठ्याच्या पानगळीच्या रानाला मूळ अर्थच अधिक जुळतो. चार महिने धबधब्यांनी गर्जणारी ही दरी उन्हाळ्यात जांगलच असते.

(७)

या विवेचनाचे प्रयोजन केवळ शब्दकौतुक नाही. पाहणे हा व्यवहार पूर्वीही होता. परंतु तेव्हा तो राहणे, नाहणे व काढणे यांच्या सोबतीने होता. आज तो एकटा उरला आहे. जो केवळ पाहतो त्याला पाण्याचे रूप कळते, पाण्याची वागणूक कळत नाही. जुनी नावे वागणूक सांगतात. 'सातकुंड' हे नाव प्रवाह आटल्यावर पाणी कोठे राहते ते सांगते. 'धार' हे झऱ्याची अखंडता सांगते. 'लोणार' हे पाण्याचा क्षारधर्म सांगते.

लोणारच्या बाबतीत हा भेद व्यवहारात उतरला आहे. हे विवर ज्वालामुखीचे नसून अशनिपाताने झाले, हे इ. स. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेडरिक्सन व सहकाऱ्यांच्या संशोधनाने मान्य झाले. त्याच्या वयाविषयी एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे, तर इ. स. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असे परस्परांपासून फार दूरचे अंदाज निघाले आहेत. इ. स. २००० मध्ये हा परिसर अभयारण्य झाला आणि इ. स. २०२० मध्ये सरोवराचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश झाला. त्याच वर्षी जून महिन्यात पाणी गुलाबी झाले. पातळी उतरून खारटपणा वाढल्याने क्षारप्रिय सूक्ष्मजीवांची वाढ झाली व त्यांच्या रंगद्रव्याने हा रंग आला, असा निर्वाळा शास्त्रज्ञांनी दिला. वृत्तपत्रांनी तो देखावा म्हणून छापला. वस्तुतः ती गोड्या व खाऱ्या पाण्याच्या तोलाविषयीची सूचना होती. हा तोल दोन्ही बाजूंनी ढळू शकतो. झऱ्यांचे पाणी कमी पडले तर क्षार वाढतात; गावाचे सांडपाणी किंवा बाहेरचे गोडे पाणी अधिक आले तर क्षार पातळ होऊन त्यांत जगणारी सृष्टी नष्ट होते. 'सरोवर' हा प्रतिष्ठित तत्सम शब्द कोणत्याही रम्य जलाशयाला लागतो. त्यात वर्षभर स्वच्छ पाणी असावे, ही अपेक्षा त्याच्या पोटातच आहे. 'लोणार' हा शब्द ती अपेक्षा नाकारतो. येथे पाणी खारेच असले पाहिजे, असे ते नाव बजावते. संरक्षणाची योजना आखणाऱ्याने या नावाचा अर्थ आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

अभ्यासकांपुढील काम यावरून निश्चित होते. अजिंठ्याच्या रांगेतील प्रत्येक प्रपात, डोह, झरा व घळ यांची गावोगावची नावे, त्यांच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदांसह, टिपून घेतली पाहिजेत. मराठी व दख्खनी या दोन्ही भाषा बोलल्या जाणाऱ्या हसनाबादसारख्या गावांत एकाच स्थळाला दोन नावे असण्याचा संभव असल्याने दोन्ही नोंदविणे आवश्यक आहे. लोणारला क्षारांची नावे वृद्धांच्या स्मरणातून मिळवून ती पदार्थांच्या नमुन्यांशी ताडून पाहिली पाहिजेत, आणि 'स्थानपोथी'तील दिशांच्या नोंदी प्रत्यक्ष भूमीवर तपासल्या पाहिजेत. 'पोढी' या शब्दाचे झाले तेच 'भुसकी' व 'मदखार' या शब्दांचे होऊ द्यावयाचे नसेल, तर हे काम ते शब्द वापरलेली अखेरची पिढी हयात आहे तोवरच करावे लागेल.